सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.९, गोळ्या घेऊनही वाढत नाही: मदत हवी आहे

पाऊलवाट: दोन महिने लोहाच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घेत आहे, तरी हिमोग्लोबिन ९.२ वरून ८.९ वर आले आहे. पुढच्या भेटीतही वाढ दिसली नाही, तर सलाईनमधून लोह द्यावे लागेल असे डॉक्टर म्हणाल्या. मला त्याची फार भीती वाटते. दहा दिवस हातात आहेत. काय खाल्ले म्हणजे वाढेल, ते कृपया लवकर सांगा.

कृष्णाकाठ: नेमका कितवा आठवडा सुरू आहे? दिवसाला किती गोळ्या घेता, कोणत्या वेळी आणि कशाबरोबर? हे कळल्याशिवाय खाण्याचे काय सांगणार?

सुगरण_६२: गोळ्यांवर विसंबून राहू नका. माझ्या सुनेला रोज बीट, चार खजूर आणि गूळ-शेंगदाणे दिले, भाज्या लोखंडी कढईत केल्या, आणि तिचे रक्त भराभर वाढले.

उपकेंद्र_ताई: काकू, लोखंडी कढईचे आपले म्हणणे योग्य आहे, टोमॅटो किंवा आमसूल घातलेली भाजी तिच्यात शिजवली तर लोह नक्की उतरते. मात्र बीट आणि गुळातून मिळणारे लोह फार थोडे असते. आम्ही गरोदर बाईला जी लाल गोळी देतो, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दिवसाला दोन गोळ्या देतो. तेवढे लोह बीट खाऊन मिळणार नाही. शिवाय त्यांची साखरेची तपासणी झाली आहे की नाही हे माहीत नसताना खजूर आणि गूळ सुचवणे मला धोक्याचे वाटते.

सुगरण_६२: आमच्या वेळी कुठे होत्या या गोळ्या? तीन बाळंतपणे घरच्या अन्नावर सुखरूप झाली.

उपकेंद्र_ताई: आपली झाली याचा आनंदच आहे. पण बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तो सोसत नाही, आणि बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेते. म्हणून मी आग्रहाने लिहिते आहे.

निशिगंध: डाव्या कुशीवर झोपत जा, बाळाला रक्तपुरवठा चांगला होतो. पाठीमागे उशी ठेवली की कूस टिकते.

पाऊलवाट: झोपेचा काही त्रास नाही. एकोणतिसावा आठवडा सुरू आहे, साखरेची तपासणी मागच्या महिन्यात व्यवस्थित आली. दिवसाला दोन गोळ्या घेते. सकाळी घेतल्या की मळमळते, म्हणून दोन्ही रात्री जेवणानंतर कॅल्शियमच्या गोळीबरोबर दुधातून घेते, म्हणजे एकही विसरत नाही. हे सांगण्यासारखे आहे असे वाटले नव्हते.

कृष्णाकाठ: नेमके हेच तर विचारत होतो! कॅल्शियम आणि दूध, दोन्हींमुळे लोह अंगात नीट शोषले जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. चहाही गोळीच्या आगेमागे तासभर नको.

उपकेंद्र_ताई: जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घेऊन पाहा, आणि दोन्ही एकदम न घेता एक दुपारी, एक रात्री घ्या; मळमळही कमी होईल. शौचाला काळे झाले तर घाबरू नका, ते गोळीमुळे होते. दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळी घेतली होती का?

पाऊलवाट: हो, पाचव्या महिन्यात घेतली. मग आता सलाईन टाळता येईल ना?

वर्धेकर: मी वेगळी बाजू मांडतो. माझ्या पत्नीच्या बाबतीत आम्ही तीन महिने गोळ्यांच्या वेळाच बदलत बसलो आणि कारण निघाले थॅलेसेमियाच्या वाहकत्वाचे, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या या आनुवंशिक आजाराचा दोष तिच्या अंगात होता. आमच्या विदर्भात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजारही बराच आढळतो. रक्ताच्या अहवालात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि लाल पेशींची संख्या किती आहे?

पाऊलवाट: एमसीव्ही ६७, लाल पेशी ५.३ असे लिहिले आहे.

वर्धेकर: पेशी एवढ्या लहान असताना त्यांची संख्या मात्र भरपूर आहे, आमचाही अहवाल असाच होता. हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना उद्याच विचारा. वाहक निघालात तर यजमानांचीही तपासणी लगेच व्हायला हवी, कारण दोघेही वाहक असले तर बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात चारात एक असते.

कृष्णाकाठ: एका अहवालावरून एवढे घाबरवू नका. नुसत्या लोहाच्या कमतरतेनेही पेशी लहान होतात.

वर्धेकर: मान्य आहे, म्हणूनच अंदाज न करता तपासणी करा असे म्हणतो.

उपकेंद्र_ताई: या दोघांचेही खरे आहे. सलाईनबद्दल मात्र स्पष्ट सांगते: एकोणतिसाव्या आठवड्यात हाताशी वेळ थोडा असतो, तेव्हा डॉक्टरांनी ते सुचवले तर भीतीपोटी लांबवू नका. ते रुग्णालयात, देखरेखीखाली, हळूहळू देतात. उद्या ९ तारीख आहे, सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. आपल्या डॉक्टरांची वेळ मिळत नसेल तर तिथे जा.

पाऊलवाट: एचपीएलसी झालेली नाही, फाईल आत्ताच पाहिली. आज दुपारची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली, मळमळले नाही. उद्या सकाळी यजमानांना सोबत घेऊन जाते. त्या तपासणीसाठी उपाशीपोटी जावे लागते का?

वर्धेकर: नाही, खाऊन जा. आणि जुने सगळे अहवाल बरोबर न्या.