मदत हवी आहे: रस्त्यावर सांडलेलं रसायन आवरताना गाड्यांपासून माणसं कशी वाचवायची?

नमस्कार मंडळी,

मी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. महामार्गावर टँकर गळला किंवा उलटला की आसपासच्या कारखान्यांनी एकमेकांच्या मदतीला जायचं, अशी इथली पद्धत आहे. रसायनाला तोंड द्यायची आमची तयारी चांगली आहे. पीव्हीसीचे सूट, पाठीवरची श्वसनयंत्रं, चुना, सोडा अ‍ॅश, वाळू, सगळं आहे. पण मागून येणाऱ्या गाडीसाठी काय, तर रस्त्यावर ठेवायचे थोडे कोन, लाल झेंडा आणि शिट्टी. सरावही कारखान्याच्या आवारात होतो, तिथे रहदारी कुठली?

परवा परशुराम घाटात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टँकरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. फलकावर १७८९ हा त्या रसायनाचा यूएन क्रमांक दिसत होता, म्हणून माल काय ते लगेच कळलं. पोलीस पोचायचे होते. आमचा एक मुलगा वाकून चुना पसरत होता. पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावला की बाजूचं दिसत नाही, आणि स्वतःच्या श्वासाच्या आवाजात हॉर्नही नीट ऐकू येत नाही. तेवढ्यात उतारावरून एक ट्रेलर आला आणि कोन उडवत त्याच्या अगदी अंगाजवळून गेला. ड्रायव्हरला तरी काय दोष देणार? अ‍ॅसिडची वाफ दमट हवेत पांढरी, दाट होते आणि वळण संपेपर्यंत त्याला काही दिसलंच नसणार. मुलगा सुखरूप आहे, पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

रस्त्याच्या कामांच्या वेळी रहदारी कशी सांभाळायची त्याचं आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) मार्गदर्शक, एसपी ५५, मी वाचलं आहे. आधी सूचनेचा टप्पा, मग गाड्या वळवण्याचा, मग कामाचा, हे समजतं. पण ते ठरवून काढलेल्या कामाला ठीक. आमच्या हाताशी सुरुवातीला एक पिकअप आणि मोजकी माणसं असतात.

सगळ्यात अडतं ते वाऱ्यापाशी. वारा जिकडून येतो त्या बाजूने आम्ही जातो, हे पक्कं. पण वाफ नेमकी गाड्या येतात त्या बाजूला जात असेल तर झेंडेवाला उभा कुठे करायचा? त्याच्याकडे श्वसनयंत्र नसतं. आडवी गाडी लावायची तर किती अंतरावर? सूटवर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलं तर ते अ‍ॅसिडने खराब होतं, नाही घातलं तर रात्री माणूस दिसत नाही. आणि आम्ही पडलो कारखान्याचे लोक, आमच्या हाताला कोण थांबतंय?

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

मी अग्निशमन दलात होतो. पहिली गोष्ट, एक लेन चालू ठेवायच्या फंदात पडू नका. पोलीस येईपर्यंत दोन्ही बाजू पूर्ण थांबवा. निघतानाच ११२ आणि १०३३ (राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन) दोन्हींवर कळवा, आणि रस्ता बंद हवा आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा.

झेंडेवाला टँकरजवळ नकोच, तो वळणाच्या अलीकडे हवा. ताशी ८० किमी वेगाच्या गाडीला थांबायला आयआरसीच्या हिशेबाने १२० मीटर लागतात, भरलेला ट्रेलर उतारावर त्याहून जास्त घेईल. आणि रांग लागली की खरा धोका रांगेच्या शेपटाशी जातो. रांग वाढेल तसा झेंडेवाला मागे सरकला पाहिजे. हे हमखास राहून जातं.

आडवी लावायला भरलेला ट्रक बघा. हँडब्रेक ओढलेला, चाकं कामाच्या जागेपासून बाहेर वळवलेली आणि आत कोणीही बसलेलं नको. धडक बसली तर तो पुढे सरकणार, म्हणून मध्ये मोकळी जागा सोडा. वाफ त्या बाजूला जात असेल तर ट्रक राहू द्या, माणसं आणखी मागे न्या. ईआरजी या रसायन-अपघातांसाठीच्या मार्गदर्शिकेत अशा द्रवासाठी सुरुवातीला चारही बाजूंनी किमान ५० मीटर सांगितलेत, वाफ दिसत असेल तर तेवढ्यावर थांबू नका. माल ज्वलनशील असेल तर मात्र गाडीचं इंजिनच ठिणगी ठरेल, तिथे गाडी जवळ आणूच नका.

एक माणूस फक्त रहदारीवर नजर ठेवायला द्या, हातात एअर हॉर्न. लांब हॉर्न वाजला की हातातलं टाकून कुठल्या बाजूला पळायचं ते आधी ठरवा. ती बाजू अ‍ॅसिड वाहतंय त्या गटाराची नसावी.

घाटात खालचा रस्ताही बघा. जून २०२३ मध्ये खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गावर टँकर पेटला, तेव्हा पुलाखालच्या रस्त्यावरची माणसंही गेली.

जाकीट स्वस्तातलं घ्या आणि काम झाल्यावर सूटबरोबर धुवायच्या जागीच उतरवून टाका.

धागाकर्ता

मनापासून आभार. रांगेच्या शेपटाचा विचार आम्ही केलाच नव्हता. पुढचा सराव वळणाच्या रस्त्यावर, पोलिसांना बरोबर घेऊन करावा असा प्रस्ताव उद्याच देतो. एक विचारायचं राहिलं: टोल्युइनसारखा ज्वलनशील माल असेल तर बॅटरीवरचे लुकलुकणारे दिवे किती जवळ ठेवता येतात? ठिणगीरोधक प्रकारचे कोणी वापरले आहेत का?