युद्धभागात सर्जन म्हणून जायचंय, तयारी कशी करू?

मिरजकर_सर्जन:
नमस्कार मंडळी. जनरल सर्जरी करून ९ वर्षं झाली, हर्निया, अपेंडिक्स, दुर्बिणीतून पित्ताशय हेच रोजचं. गाझा आणि सुदानच्या बातम्या बघून रात्री झोप लागत नाही. एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) किंवा रेडक्रॉसकडून जायचा विचार पक्का होत चाललाय, पण गोळी लागलेला पेशंट मी आयुष्यात दोनदाच हाताळलाय. घरी बायको आणि ६ वर्षांची मुलगी आहे. कुणी जाऊन आलंय का?

बाभूळबन:
मी दक्षिण सुदानला दोनदा जाऊन आलोय. दुर्बीण विसरा, सीटी विसरा, हात आणि साधा एक्सरे, बस. आणि सगळ्यात अवघड म्हणजे जखम न शिवणं. गोळीचं भोक बाहेरून बोराएवढं दिसतं पण आत मसल मेलेला असतो, तो सगळा कापून काढायचा, भरपूर सलाइनने धुवायचं आणि उघडीच ठेवून ड्रेसिंग करायचं, ४-५ दिवसांनी परत ओटीत घेऊन स्वच्छ असेल तरच टाके. हाड मोडलं असेल तर आत प्लेट घालायची नाही, बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाडात पिना घालून बाहेरच्या दांड्याला पक्कं करायचं. हे सगळं वाचून गेलो होतो तरी पहिल्या आठवड्यात एका पोराची मांडी शिवून टाकली, हाताला सवयच तशी ना, तिसऱ्या दिवशी नुसता पू. वाचला तो, पण पाय वाचला नाही. तुम्ही ही चूक करू नका.

नाशिकची_भूलवाली:
सर, सिझेरियन येतं का? सगळे गोळ्यांचंच विचारतात, पण लढाई सुरू असताना बायका बाळंत व्हायच्या थांबत नाहीत आणि दोनशे किलोमीटरात तुम्ही एकटेच सर्जन असू शकता. अडलेली बाळंतीण, फाटलेलं गर्भाशय हे तुमच्याच टेबलावर येणार. भूल बहुतेक केटामाइनचं इंजेक्शन नाहीतर स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात देतात ती. फ्रेंच शिकलात तर काँगो, मध्य आफ्रिका इकडेही जाता येईल.

सोलापुरी_भाकरी:
आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर तिथे ऑपरेशनं केली आणि १९४२ मध्ये ३२व्या वर्षी तिथेच वारले. लहानपणापासून अभिमानाने ऐकतोय. पण घरच्यांना धोकाही स्पष्ट सांगा. अफगाणिस्तानात कुंदूझचं एमएसएफचं हॉस्पिटल कुठे आहे हे लढणाऱ्यांना जीपीएससकट कळवलेलं होतं, तरी ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकन विमानाने त्यावर मारा केला, ४२ माणसं गेली, काही पेशंट तर बेडवरच जळाले.

मिरजकर_सर्जन:
कुंदूझचं बायकोला वाचायला दिलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आधी सिझेरियन शिक, मग बोलू. सोमवारी सिव्हिलच्या गायनॅक मॅडमना भेटतोय, रात्रीच्या केसेसना असिस्ट करू द्याल का विचारायला. बाभूळबन, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, त्या पोराबद्दल आणि जखमांबद्दल अजून विचारायचंय.