पोराला दुसरं फ्रॅक्चर, रिपोर्टात हाडं ठिसूळ म्हणे. तोवर काय करू?

घाबरलेली_आई: मुलगा ९ वर्षांचा. ७व्या वर्षी मनगट मोडलं, आता नडगी, तीही सोफ्यावरून उतरताना. नेफ्रोटिकसाठी (किडनीतून प्रथिनं वाहून जाण्याचा आजार) स्टेरॉइड वरचेवर चालू असतात. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली तर टी स्कोअर उणे २.८ आणि खाली ऑस्टिओपोरोसिस छापलंय. हे म्हाताऱ्यांना होतं ना? हाडांच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. पैशांची जरा ओढाताण आहे, खर्चिक काही सुचवू नका.

रिकामटेकडा: आमच्या पुतण्याला कॅल्शियमची पावडर दिली, आता घोड्यासारखा पळतो. भारीतलीच घ्या.

घाबरलेली_आई: दादा, खर्चाचं वर लिहिलंय.

उंटावरचा_शहाणा: स्टेरॉइड आजच बंद करा, मूळ तिथेच आहे.

बारमाही_प्लास्टर: अजिबात नाही!! दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. माझ्या लेकीला जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार, १४ फ्रॅक्चर झालीत, त्यामुळे ऐकाच. पोरांत टी स्कोअर बघतच नाहीत, त्यात तुलना तरुणांच्या पूर्ण भरलेल्या हाडांशी, पोर नापासच होणार. झेड स्कोअर बघा, त्यात तुलना त्याच वयाच्या मुलांशी असते, तोही उंचीच्या हिशेबाने. झेड उणे २ किंवा खाली आणि शिवाय १० वर्षांच्या आत लांब हाडांची दोन फ्रॅक्चर, असं दोन्ही असलं तर पोरांत ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पण किरकोळ कारणाने मणका दबला असेल तर आकडा लागतच नाही. पाठ दुखते का?

घाबरलेली_आई: झेड कोपऱ्यात बारीक छापलाय, उणे २.१. उंची धरलेली दिसत नाही आणि तो वर्गात सगळ्यात बुटका. पाठीचं बोलत नाही, पण पाय मोडायच्या आधीपासून बूट घालायला वाकत नाही, पाय माझ्यापुढे करतो. मला लाड वाटायचे.

बारमाही_प्लास्टर: मणक्याचा बाजूने एक्सरे मागा. न दुखताही दबलेला असतो.

उंटावरचा_शहाणा: मी म्हटलंच होतं, मूळ स्टेरॉइड.

रिकामटेकडा: डेक्सा दुसरीकडे परत करा, मशीन खोटं असतं. पावडर सोडू नका. सायकल माळ्यावर टाका.

उंटावरचा_शहाणा: सायकलबद्दल सहमत, पहिल्यांदाच.

घाबरलेली_आई: किडनीच्या डॉक्टरांना फोन केला. स्टेरॉइड आहे तसंच, एक्सरे आणि व्हिटॅमिन डीची तपासणी लिहून दिली. पावडर नाही, डेक्सा परत नाही. सायकल दारातच ठेवलीय, चालवायची कधी ते डॉक्टर सांगतील. सध्या प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून तिचे स्पोक पुसतोय.