अनुभव धागा : रोजच्या बोलण्यातले इंग्रजी साचे, नागपूरकरांच्या तोंडून

‘अ‍ॅज सून अ‍ॅज’, ‘यूज्ड टू’, ‘वुड यू माइंड’. शब्द सुटे सुटे सगळ्यांना येतात, वाक्यात बसवायची वेळ आली की गाडी अडते. म्हणून मंडळींना आवाहन केलं होतं : नियम नकोत, वाक्यं सांगा. कोणता साचा कुठे ऐकला, कुठे बसला, कुठे अजून खुपतो? पहिलं मीच लिहितो.

आपल्याकडे ‘मी जाऊन राहिलो’, ‘तो जेवून राहिला’ असं म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. चालू असलेली क्रिया दाखवायचं वेगळं रूप नागपूरच्या पोराच्या तोंडात आधीपासूनच असतं, त्यामुळे ‘आय अ‍ॅम गोइंग’ त्याला पटकन उमगतं. गोची पुढे आहे. आपण ‘मले समजून राहिलं’, ‘मले वाटून राहिलं’ हेही सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र नो, अंडरस्टँड, बिलीव्ह ही मंडळी सहसा ‘इंग’ लावून घेत नाहीत. ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग, सर’ हे वाक्य सीताबर्डीच्या कुठल्याही क्लासबाहेर उभं राहिलात तर कानावर पडेल. देशभर पडतं म्हणा, पण आपल्याकडे त्याला घरचं पाठबळ आहे. आता तुम्ही बोला.

निवृत्त शिक्षिका, महाल

मराठी माध्यमात पूर्वी पाचवीपासून इंग्रजी असायचं, 2000 साली ते पहिलीपासून आलं. मी दोन्ही काळ शिकवलं. दहावीच्या व्याकरणात ‘रिमूव्ह टू’ हा हमखास प्रश्न. ‘ही इज टू वीक टू वॉक’चं ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ करायचं. दुसरं वाक्य पोरांना लगेच जमे, कारण ‘इतका अशक्त की चालवत नाही’ हे आपलंच वळण. पहिल्यातला ‘वीक’च्या आधीचा ‘टू’ मात्र त्यांच्या लेखी नुसता ‘खूप’. मग निकालाच्या दिवशी ‘आय अ‍ॅम टू हॅपी’! त्या ‘टू’च्या पोटात नकार दडलेला असतो, हे सांगण्यात तास जाई.

‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन…’ हा साचा मी जन्मभर शिकवला आणि परीक्षेबाहेर कुणाच्या तोंडी ऐकला नाही. त्याचा भाऊ ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ कामाचा. तिथे एक गंमत पाहा. ‘जेव्हा तो येईल तेव्हा फोन करीन’ असा विचार केला की पोरं ‘व्हेन ही विल कम’ लिहितात. ‘आल्याबरोबर फोन करीन’ असा विचार केला तर ‘येईल’ मध्ये येतच नाही आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज ही कम्स’ सहज निघतं. म्हणून मी वर्गात आधी मराठी वाक्य बदलायला लावत असे, इंग्रजी नंतर.

स्टाफ नर्स, मेडिकल चौकाजवळ

आमच्याकडे ‘फीवर सिन्स थ्री डेज’. केसपेपरवर सगळे डॉक्टर असंच लिहितात. मूळ कुठे आहे ते पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना कळतं : ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’. दोन्हीकडे एकच ‘पासून’. इंग्रजीत सुरुवातीची वेळ सांगितली तर ‘सिन्स मंडे’, किती काळ ते सांगितलं तर ‘फॉर थ्री डेज’. आमच्या नव्या पोरींना मी एवढंच सांगते : मोजता येतं ना, मग फॉर.

कस्टमर सपोर्ट, मिहान

रात्रपाळीत परदेशी ग्राहकांशी बोलतो. आमचं पोट ‘वुड यू माइंड’ आणि ‘आय वॉज वंडरिंग इफ’ यांच्यावर चालतं. पहिल्याच ट्रेनिंगमध्ये सगळ्या बॅचची फजिती झाली. ट्रेनर म्हणाली, ‘वुड यू माइंड क्लोजिंग द डोअर?’ आणि समोरचा उत्साहाने ‘येस, येस!’ म्हणजे दार लावायला माझी हरकत आहे. मनात ‘हरकत नाही ना?’ असा प्रश्न धरा, उत्तर आपोआप ‘नाही, नाही, लावतो ना’ येतं. ‘प्लीज’ धरलंत की फसलात. ‘आय वॉज वंडरिंग’मधला भूतकाळही तसाच. काल विचार करत होतो असं काही नसतं, फक्त आवाज खाली आणायचा असतो. आपणही म्हणतोच की, ‘एक काम होतं तुमच्याकडे.’ काम आत्ताच असतं!

चहावाला, रेल्वे स्टेशनबाहेर (भाच्याने लिहून घेतलं)

मी शाळा सातवीतच सोडली. मले इंग्रजी भोंग्यानं शिकवलं. ‘मे आय हॅव युवर अटेन्शन प्लीज’, ‘इज रनिंग लेट बाय’, ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’. गोरे टुरिस्ट ताडोब्याले जाताना चहा घेतात. ‘ट्रेन?’ म्हणून विचारलं, तर मी म्हणतो, ‘रनिंग लेट बाय टू अवर्स.’ त्यातला ‘बाय’ काहून येते ते मले नाही माहीत बाप्पा, पण तो तिथंच बसते.

(मला विचाराल तर धाग्यातलं हे सर्वांत चोख इंग्रजी. तो ‘बाय’ बऱ्याच पदवीधरांच्या हातून निसटतो.)

संत्र्याचा व्यापार, कळमना

आंबिया बहाराच्या सीझनमध्ये बाहेरगावच्या पार्टीला मेल जातात. ‘अ‍ॅज पर अवर डिस्कशन’ने सुरुवात, ‘डू द नीडफुल’ने शेवट, मध्ये गाड्यांचे नंबर. मुलगी एमबीए झाली, तिने शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ घातलं. मी म्हटलं, ‘टू’नंतर तर ‘हिअर’ यायला पाहिजे, ‘आय वाँट टू गो’सारखं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही ‘टू’च्या पुढे काय बसतं ते पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ म्हणता येतं ना? मग इथे दिवाळीच्या जागी ‘हिअरिंग’ आहे. ‘वाँट टू दिवाळी’ म्हणता येत नाही. पटलं. याच हिशोबाने ‘आय अ‍ॅम यूज्ड टू द हीट’ही सुटलं, म्हणजे उन्हाची सवय आहे, आणि सवय काम करायची असेल तर ‘यूज्ड टू वर्किंग’. ‘आय यूज्ड टू वर्क’ म्हणजे पूर्वी करायचो, आता नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दोन्ही वाक्यं लागू पडतात.

टायपिस्ट, हायकोर्ट परिसर

आमच्याकडे साचा बदलत नाही, नावं बदलतात. ‘डू हियरबाय सॉलेम्नली अफर्म अँड स्टेट अ‍ॅज अंडर’, म्हणजे शपथेवर खालीलप्रमाणे सांगतो. घरी पोराला चिठ्ठीत ‘अ‍ॅज अंडर’ लिहून सामान आणायला सांगितलं, तर त्यानं विचारलं, कशाच्या अंडर?

इंजिनिअर, बुटीबोरी

सगळं वाचलं. ‘सिन्स थ्री डेज’ सगळ्या हॉस्पिटलांत चालतं, कुणाचा रोग त्यामुळे चुकत नाही. काहून एवढं खणून राहिले?

स्टाफ नर्स, मेडिकल चौकाजवळ

दादा, केसपेपरवर चालतंच, मी कुठे नाही म्हटलं? पण आमच्या पोरी परदेशी नोकरीसाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देतात. तिथे पेशंटबद्दल पत्र लिहायचं असतं आणि तपासणारे नागपूरचे नसतात.