अनुभव धागा: कॉलेज कॅम्पसमधलं पार्किंग, स्टिकर आणि दंडाची पावती (सोलापूरचे आणि बाहेर गेलेलेही लिहा)

ॲडमिशनचा सीझन आला की फी, हॉस्टेल, मेस सगळ्यावर चर्चा होते पण गाडी कुठं लावायची यावर कोण बोलत नाही, आणि कॉलेज सुरू झालं की पहिलं भांडण गेटवरच होतं. जुळे सोलापूर, शेळगी, विडी घरकुल इकडून येणाऱ्या पोरांना दुचाकीशिवाय भागत नाही, विद्यापीठ तर तिकडं केगावला पुणे रोडवर. माझं मत आधीच सांगते: स्टिकर म्हणजे गेटातून आत यायची परवानगी, जागेची हमी नव्हे. शेड असते शंभरएक गाड्यांची आणि स्टिकर वाटतात मागेल त्याला, मग दहा वाजता आलेल्यानं झाडाखाली लावली की पावती. तुमचं काय ते लिहा. कॉलेजचं नाव टाकू नका, उगाच पोरांना त्रास.

इंडीचा पावणा
माझी गाडी कर्नाटकातली, केए-२८ पासिंगची. फॉर्मला आरसीची झेरॉक्स, लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स सगळं जोडलो, तरी ऑफिसातले म्हणाले गाडी वडिलांच्या नावावर आहे, संमतीपत्र आणा. आणलो. मग म्हणाले आडनाव जुळत नाही, कारण आरसीवर वडिलांचं नाव कानडी पद्धतीनं, गावाचं नाव आधी, आणि माझ्या मार्कशीटवर वेगळंच. शेवटी आधार कार्ड दाखवलो तेव्हा सही झाली. तरी वॉचमनकाका रोज अडवायचे, "एमएच-१३ का नाही बे तुझी?" बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो हे खरंय, पण मी दर शनिवारी गावाकडं जायलालोय की, मग गाडी ठेवली कुठं म्हणायची? हे त्यांना सांगितलो तर म्हणाले ते आरटीओला सांग, मला नको. आता मात्र चांगली ओळख झालीय, येताना काकांसाठी लिंबं आणतो.

तासिकावाली
स्टाफ पार्किंगच्या बोर्डाखाली बारीक अक्षरात "फक्त कायम कर्मचारी" असं लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. मी नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवते, वर्गात मॅडम आणि पार्किंगात कोणीच नाही. विद्यार्थ्यांच्या रांगेत लावावी तर तिथला गार्ड म्हणतो मॅडम तुम्ही स्टाफ, तिकडं लावा, आणि तिकडचा म्हणतो तुमचा स्टिकर कुठाय. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो तेव्हा शेड मिळणं न मिळणं ही चैनीची गोष्ट राहत नाही, दीडच्या तासानंतर सीटवर बसायची सोय नसते. मी डिकीत टॉवेल ठेवते, आपलाच सोलापुरी टर्किश, पाण्याचा हबका मारून सीटवर टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं. उघड्यावर लावलेल्या बाकी गाड्यांवरही तेच, रंगीबेरंगी टॉवेलांची रांग असते नुसती. आणि शेडमध्ये एका साहेबांची कार, आठवडाभर न हललेली, तिच्यावर कव्हर.

रजिस्टर सांभाळलेला
मी एका कॉलेजात ऑफिसला होतो, आता रिटायर. आतली पद्धत सांगतो. चुकीच्या जागी गाडी दिसली की शिपाई पुढच्या चाकात साखळी घालून कुलूप लावायचा, कुलपावर ऑइलपेंटनं नंबर, त्याच नंबरची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. पोरगं आलं की आयकार्ड जमा, शंभर रुपये, पावती, मग किल्ली. रजिस्टरला गाडी नंबर, वर्ग, सही. नियम सगळ्यांना सारखा होता असं म्हणणार नाही. ज्याच्या मामाचा फोन साहेबांना यायचा त्याची किल्ली पावतीशिवाय जायची आणि रजिस्टरला "समज दिली" असं लिहायला लागायचं. एक लक्षात घ्या, कॉलेजची पावती म्हणजे ट्रॅफिकचं चलन नव्हे, ती तुमच्या गाडीच्या रेकॉर्डला जात नाही. पण थकवली तर शेवटच्या वर्षी नो ड्यूजवर सही अडते, आणि तेव्हा टीसी घ्यायला आलेलं पोरगं तोंड बारीक करून उभं राहतं.

बॅटरीवाला
माझी साधी इलेक्ट्रिक गाडी, २५० वॅटची, पंचवीसच्या वर पळतच नाही. अशा गाडीला पासिंग लागत नाही, लायसन्स पण नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये गाडी नंबर कंपल्सरी, रिकामा सोडला तर पुढं जात नाही. ऑफिसात गेलो तर म्हणे नंबर नाही म्हणजे चोरीची कशावरून. बिल दाखवलो, कंपनीचं पत्रक दाखवलो. शेवटी तिथल्या मॅडमनी रकान्यात माझा रोल नंबर टाकला, आता गेटवर माझी गाडी त्या नंबरनं ओळखतात.

पोराची आई
अकरावीच्या पोरांना कॉलेज स्टिकर देत नाही ते बरोबरच आहे, अठरा पूर्ण नसताना गाडी दिली तर आईबापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे कायद्यात. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तसली गाडी आता दुकानात दाखवा मला. पण होतं काय, पोरं गाडी आणतातच, फक्त गेटाबाहेरच्या टपरीमागं लावतात, टपरीवाला दहा रुपये घेतो. कॉलेज म्हणतं आमच्या हद्दीत नाही. हद्द म्हणजे काय, तर नाल्याच्या अलीकडं.

सोलापूर ते टेक्सास
इथल्या युनिव्हर्सिटीत पार्किंगचं वेगळं डिपार्टमेंटच असतं आणि सगळ्यात शिव्या त्यालाच. वर्षाचं परमिट काही शे डॉलर, त्यात झोन, स्टाफचा वेगळा, हॉस्टेलवाल्यांचा वेगळा. आता स्टिकर पण नसतो बऱ्याच ठिकाणी, गाडीचा नंबर हाच परमिट, कॅमेरा लावलेली गाडी रांगेतून फिरते आणि नंबर वाचत जाते. त्यामुळं गाडी रिव्हर्समध्ये लावायला बंदी, मागची नंबर प्लेट रस्त्याकडंच पाहिजे, कारण बऱ्याच राज्यांत पुढं प्लेट लावतच नाहीत. माझ्या रूममेटला याच्यावरच सायटेशन, म्हणजे दंडाची पावती, आलं, परमिट असताना, आपल्याकडच्या सवयीनं रिव्हर्स लावली म्हणून. अपील ऑनलाइन करता येतं पण ठरलेल्या दिवसांत, आणि पैसे थकवले तर अकाउंटवर होल्ड, पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन होत नाही. वरच्या काकांचं नो ड्यूज तेच की हे. फुटबॉलची मॅच असली की परमिटवाल्यांनाच लॉट रिकामा करायला लावतात, आपल्या गड्ड्याच्या जत्रेवेळी होम मैदानाभोवती जसं होतं तसं. आणि ऐका, बर्कलेला नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांना "एनएल" लिहिलेली राखीव जागा देतात. तासिकावाल्या मॅडम, बघा काय करता येतंय.

तासिकावाली
नोबेलचं बघते, आधी मानधन वेळेवर येऊ दे.

होटगी रोडकर
परीक्षेच्या दिवसाचं पण लिहा कोणीतरी. सेंटर असलं की गेट बंद, पालकांच्या गाड्या रस्त्यावर दुतर्फा, मग क्रेन येते. आत अख्खं ग्राउंड रिकामं. माझ्या भावाची उचलली, पेपर सुटायच्या आत सोडवून आणायची म्हणून रिक्षा करून पळालो, ई-चलन पाचशेचं, वर ओढून नेल्याचे वेगळे.

माजी विद्यार्थी
गाडी विकताना स्टिकर खरवडून काढा राव. मी तसाच विकलो. घेणाऱ्याचा पोरगा त्याच कॉलेजात, आणि तो प्राचार्यांच्या जागेवर लावतो. रजिस्टरला मोबाईल नंबर माझा. परवा मी पुण्यात मीटिंगला बसलेलो, फोन आला, "दहा मिनिटांत गाडी काढा नाहीतर साखळी लावतोय." लावा म्हणालो.