आधी गच्चीकडे बघा

सोलरला मालमत्ता करात सवलत दिली की महापालिकेचं काम झालं, हे मला पटत नाही. पुण्यात ती सवलत आहेच. पण सोलर वॉटर हीटरनं गिझरची वीज वाचते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचा एसी काही थांबत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं: सरकारी व व्यावसायिक इमारती, शिवाय ६०० चौरस यार्डांपासून पुढच्या भूखंडांवरच्या घरांना ऊन परतवणारं छत सक्तीचं. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्राआधी ही अट घालायला काय हरकत आहे? जुन्या सोसायट्यांना मात्र सक्ती नको. त्या वॉटरप्रूफिंग करतील तेव्हाच गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या थरासाठी सवलत द्या.