मोकळीक उधारीवर अडते

स्वतःचा धंदा म्हणजे ‘मर्जीने शटर वर, मर्जीने खाली’ असं या चर्चेत एकाने म्हटलंय, ते निम्मं पटलं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारं, छोटं युनिट आहे. मुलीच्या गॅदरिंगला भर दुपारी निघता येतं, कुणाला विचारावं लागत नाही, आणि हे सुख मला खरंच मोलाचं वाटतं. पण बिलं तीन-तीन महिने अडकली की पगाराच्या तारखेला सगळी मोकळीक संपते.

इथे कुणी एमएसएमई कायद्याचा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा) विषय काढला नाही, म्हणून लिहितो. अशा उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दिवस माल पोचल्यापासून मोजतात, म्हणून डिलिव्हरी चलनावर कंपनीच्या गेटवरच तारखेसह इनवर्डचा, म्हणजे माल मिळाल्याचा, शिक्का घ्या. नंतर कुणी मारून देत नाही. आणि २०२३-२४ पासून मुदत उलटून मार्चअखेरही थकलेली रक्कम माल घेणाऱ्या कंपनीला आयकराच्या हिशेबात त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. निव्वळ ट्रेडिंगवाल्यांना मात्र हे संरक्षण नाही.